“मी आपला अडाणी माणूस...”



गावची कोणतीही बैठक घ्या. ग्रामसभा असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, आमच्या खात्याचा पीक मेळावा असो, नाहीतर देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरवायची असो. एक वाक्य हमखास कानी पडते. बोलणारा उठतो, टोपी सारखी करतो, हात जोडतो आणि म्हणतो, “मी आपला अडाणी माणूस. मला काही कळत नाही. पण आग्रह केलात म्हणून दोन शब्द बोलतो.” मग ते दोन शब्द पाऊण तास चालतात. त्यात सरकारचे धोरण येते, कांद्याची निर्यात येते, शेजारच्या गावची भानगड येते. शेवटी “लहान तोंडी मोठा घास घेतला, चूकभूल द्यावी-घ्यावी” असे म्हणून वक्ता खाली बसतो आणि मंडळी टाळ्या वाजवतात.

शेतीखात्याच्या नोकरीत तीस वर्षे अशा बैठका ऐकण्यात गेली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. जो माणूस सुरुवातीलाच स्वतःला अडाणी म्हणवून घेतो, त्याचे म्हणणे खोडून काढणे फार अवघड असते. शहाण्याशी वाद घालता येतो. हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाशी कसा घालणार?

आता सगळाच वरवरचा विनय वाईट, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे तो रीतीचा भाग आहे. शिवारफेरी करून दुपारी एखाद्या घरी टेकलो की घरची माउली म्हणते, “साहेब, चटणी-भाकरी खाऊन जा.” आणि ताटात येते मासवडी! आहेराचे पाकीट हातावर ठेवताना “फूल ना फुलाची पाकळी” म्हणतात, आत मात्र रक्कम चांगली भरभक्कम असते. यात कुणी कुणाला फसवत नाही. बोलणाऱ्याला माहीत असते, ऐकणाऱ्यालाही माहीत असते. मासवडीला चटणी-भाकरी म्हणणारी बाई पाहुण्याच्या मनावरचे ओझे हलके करते. त्याला वाटावे, आपल्यासाठी कुणी खास घाट घातला नाही.

माझी कसोटी हीच आहे. नम्रतेच्या शब्दाने ओझे हलके होते ते कुणाचे? पाहुण्याचे झाले तर ते अगत्य. बोलणाऱ्याचे स्वतःचेच झाले, तर मात्र जरा जपून राहावे.

या दुसऱ्या प्रकाराला आपल्या भाषेत ‘मानभावीपणा’ असा शब्द आहे. पण मी तो वापरत नाही. तो महानुभाव या पंथाच्या नावावरून आला आहे, आणि चक्रधरस्वामींच्या ज्या पंथाने मराठीला ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्य ग्रंथ दिला, त्याच्या नावाचा असा उपयोग व्हावा हे मला बरे वाटत नाही. ‘शहाजोगपणा’ हा शब्द पुरेसा आहे.

कांद्याची बैठक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गाव आपल्या खेड तालुक्यातलेच. नाव सांगत नाही, कारण हे कोणत्याही गावात घडू शकते. रब्बी कांद्याची लावण नुकतीच आटोपली होती आणि मारुतीच्या देवळापुढे बैठक भरली होती. खताच्या हप्त्यांचा विषय निघाला. नत्राचा एक भाग लावणीच्या वेळी द्यावा, उरलेला तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी असा दोन हप्त्यांत द्यावा, त्यानंतर नत्र देऊ नये, ही शिफारस मी सांगितली. माहिती नवी नव्हती. ही शिफारस देणारी संस्था आपल्या राजगुरुनगरातच आहे.

माझे संपले आणि गावातले एक मोठे बागायतदार उठले. बारा एकर कालव्याखालचे रान, दोन बराखी, घरचा ट्रॅक्टर, सोसायटीत शब्दाला वजन. त्यांनी हात जोडले. “साहेब शिकलेले आहेत, ते सांगतील तेच खरं. आपण अडाणी माणसं, आपल्याला काय कळतं? पण मी आपला पंच्याहत्तराव्या दिवशीसुद्धा एकरी एक गोणी युरिया फेकतो. कांदा कसा पोसतो, ते या शिवारात येऊन बघा.” बैठक हसली. माना डोलल्या. उशिरा दिलेल्या युरियाने काय होते ते मी परत समजावून सांगितले, पण ते वाऱ्यावर गेले. ज्याचा कांदा डोळ्यांसमोर पोसलेला दिसतो, त्याच्यापुढे कागदावरची शिफारस किती टिकणार?

ते बागायतदार खोटे बोलले नव्हते, हे आधी सांगतो. ते युरिया खरोखरच टाकत होते. त्यांचा कांदा खरोखरच पोसत होता. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. युरिया टाकलेल्या तुकड्यातला कांदा ते काढल्या काढल्या चाकणच्या बाजारात नेत. वजन मिळे, पैसा मिळे, विषय संपे. बराखीत भरत तो कांदा दुसऱ्या तुकड्यातला, आणि त्या तुकड्याला उशिरा युरिया देत नसत. म्हणजे त्यांना सगळे कळत होते! फार चांगले कळत होते.

बैठकीत मागच्या बाजूला एक पोरगा बसला होता. पोरगा म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. घरची बरीचशी जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली, राहिली पस्तीस गुंठे. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. वडील अचानक गेले आणि शेती अंगावर पडली. रात्रपाळी करून सकाळी रानात जायचा. त्याने त्या वर्षी सगळ्या पस्तीस गुंठ्यांत कांदा लावला होता. तो एप्रिलमध्ये विकायचा नाही, वडिलांच्या बराखीत भरायचा आणि श्रावणानंतर भाव चढला की काढायचा, असा बेत होता. सोसायटीचे कर्ज होते आणि बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले हातउसने पैसेही देणे होते.

त्याने पंच्याहत्तराव्या दिवशी युरिया टाकला.

आता शेतीचे थोडे. कांद्याचे पीक तयार होत आले की पात पिवळी पडू लागते, मानेतला रस आटतो, मान मऊ होऊन पात आडवी पडते. याला आपण ‘मान पडली’ म्हणतो. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली. शेतात पातीसकट दोन-तीन दिवस सुकवावा, एक-दीड इंच मान ठेवून पात कापावी, मग सावलीत दहा-बारा दिवस ठेवावा. एवढ्यात मानेचे तोंड मिटते आणि वरची साल चांगली सुकते. या दोन गोष्टींवरच बराखीतले चार-पाच महिने अवलंबून असतात. उशिरा नत्र मिळाले की पात हिरवीच राहते, वाढतच राहते. मान जाड होते आणि पडतच नाही. कांदा दिसायला टपोरा, पण मानेचे तोंड उघडे. साठवणीत बुरशी आणि जंतू तिथूनच आत शिरतात.

त्या पोराचा कांदा टपोरा झाला. आल्यागेल्याने कौतुक केले. आषाढात बराखीला वास येऊ लागला. नागपंचमीपर्यंत खालून पाणी ठिबकू लागले. निम्म्याहून अधिक कांदा बांधावर टाकावा लागला, उरला तो बदल्याच्या भावाने गेला.

तो त्या बागायतदारांकडे गेला. भांडायला नाही, नुसते विचारायला. त्यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, “अरे, मी तर भर बैठकीत सांगितलं होतं, मला काही कळत नाही म्हणून!”

हे वाक्य मला त्याने स्वतः सांगितले. आणखीही एक गोष्ट सांगितली, तिने मला जास्त विचारात पाडले. तो म्हणाला, “साहेब, मला त्या दिवशी विचारायचं होतं, मान पडणं म्हणजे नक्की काय? किती पडल्यावर काढायचा? पण एवढा मोठा माणूस स्वतःला अडाणी म्हणवून घेतोय म्हटल्यावर मी स्वतःला काय म्हणवून घेऊ?”

बंधूंनो, या शहाजोगपणाचे खरे नुकसान इथे आहे. जाणत्याने ‘अडाणी’ हा शब्द उचलून नेला, की ज्याला खरोखर काही विचारायचे आहे त्याला उभे राहायला जागाच उरत नाही. नेणत्याची जागा जाणता अडवून बसतो.

पाटीलबावांचा जोडा

ही विद्या आजची नाही. पुण्याच्या दरबारात तिचा एक मोठा प्रयोग झाला होता, तो सांगण्याजोगा आहे.

महादजी शिंदे हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. १७६१ साली पानिपतावर ते जखमी झाले, एक पाय कायमचा अधू झाला. पुढे त्याच अधू पायाने त्यांनी उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा उभा केला. दिल्लीचा बादशहा शाह आलम त्यांच्याच आधाराने तख्तावर होता. एवढी सत्ता हाती असून महादजी स्वतःला काय म्हणवून घेत? पाटील! साताऱ्याकडच्या कण्हेरखेडची पाटीलकी शिंद्यांच्या घराण्यात होती. लोकही त्यांना पाटीलबावा म्हणत.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुखत्यार, हे पद देणारी फर्माने आणि मानाची वस्त्रे त्यांनी बरोबर आणली होती. गादीवर सवाई माधवराव पेशवे होते, वय अवघे अठरा. कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि नानांना महादजींच्या येण्याचा धसका. त्या भेटीची हकिगत ग्रँट डफ या इंग्रजाने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. महादजी हत्तीवरून अलीकडेच उतरले. दरबारात जुन्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. पेशवे आले आणि बसायला सांगू लागले, तेव्हा “एवढ्या मानाला मी पात्र नाही” असा त्यांनी सूर लावला. मग काखेतले गाठोडे सोडले, त्यातून नवा जोडा काढून पेशव्यांपुढे ठेवला आणि म्हणाले, की माझे काम हेच, माझ्या वडिलांचेही हेच होते. पेशव्यांच्या पायातला जुना जोडा त्यांनी गाठोड्यात बांधला आणि काखेत धरला. एवढे झाल्यावर, आढेवेढे घेत घेत, बसले.

दरबारातल्या एकाही माणसाला ते चाकर वाटले नसतील. बाहेर त्यांची फौज होती. उत्तरेत फिरंगी पद्धतीने कवायत शिकवलेल्या त्यांच्या पलटणी होत्या. पेशव्यांना मिळालेल्या मुखत्यारीचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच हाती राहणार होते. जोडा पुढे ठेवून त्यांनी नानांची पंचाईत केली. एवढा लीन झालेल्या माणसाला दरबारात कठोर शब्द कोण बोलणार?

महादजींना मी लहान करत नाही. तसा कर्ता पुरुष त्या काळात दुसरा क्वचितच असेल, आणि पाटीलकीचा अभिमान तर त्यांना मनापासून असावा. राजकारणात प्रत्येकजण आपले हत्यार वापरतो, त्यांनी जोडा वापरला एवढेच. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते पुण्याजवळ वानवडीस वारले. तिथली शिंद्यांची छत्री पाहण्यासारखी आहे, पुण्यास गेलात तर जरूर पाहा. मला एवढेच म्हणायचे आहे, की ते दरबारातले डावपेच होते. आपली कांद्याची बैठक म्हणजे दरबार नव्हे. तिथे नाना फडणवीस नसतात, पस्तीस गुंठ्यांचा धनी बसलेला असतो.

टिटवी आणि समुद्र

कुणी म्हणेल, मग आपल्या संतांचे काय? तेही स्वतःला हीन-दीन म्हणतच आले की!

शंका बरोबर आहे. आळंदी आपल्याच तालुक्यात, तेव्हा उत्तर लांब शोधायला नको. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी केली. तिच्या पहिल्याच अध्यायात ते म्हणतात, की गीतेचा अर्थ सांगायला निघालो आहे खरा, पण हे म्हणजे टिटवीने चोचीने समुद्र मोजण्यासारखे आहे. आणि पुढे नऊ हजारांच्या घरात ओव्या! मग हाही शहाजोगपणा झाला का?

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच अध्यायात आहे. ते श्रोत्यांना विनवतात, की यात उणे असेल ते भरून घ्या, जास्त असेल ते कमी करा. श्रोत्यांनी दुरुस्ती करावी म्हणून दार उघडे ठेवले आहे. शहाजोग माणूस हेच दार लावून घेतो. “मला काही कळत नाही” असे तो म्हणतो ते कुणी दुरुस्त करावे म्हणून नव्हे, कुणी विचारू नये म्हणून.

तेराव्या अध्यायात तर या विषयाची फोडच आहे. गीतेत ज्ञानाची लक्षणे सांगताना मानाची हाव नसणे आणि दंभ नसणे ही दोन वेगळी लक्षणे मोजली आहेत. दोन्ही एकच असती तर वेगळी का मोजली असती? मानाची हाव नसल्याचाही दंभ करता येतो, म्हणून. दंभ नसणे म्हणजे काय, हे सांगताना ज्ञानेश्वर महाराजांनी दाखला दिला आहे तो शेतकऱ्याचा. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, तसा भला माणूस आपले दानपुण्य झाकतो. पाभरीमागे चालणाऱ्याला हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. बी झाकायचे ते उगवावे म्हणून. बागायतदारांनीही झाकले, पण झाकली ती गरजेची गोष्ट, आणि ती कुणाच्याच रानात उगवली नाही.

चाकणच्या ज्या बाजारात आपला कांदा जातो, त्याला महात्मा फुल्यांचे नाव आहे. त्यांची एक हकिगत इथे आठवते. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणीच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी दिली होती. बडे लोक हिरे-माणके लेवून आले होते. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या साध्या वेषात. हात जोडून “मी गरीब, मी अडाणी” असे म्हणायला ते गेले नव्हते. या दागिन्यांवरून देशाची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाचे बघा, असे त्यांनी भर मेजवानीत ऐकवले. साधा वेष दोघांनी वापरला, महादजींनीही आणि जोतीरावांनीही. पण एकाने त्याच्याआड आपले बळ झाकले, दुसऱ्याने आपले म्हणणे उघडे केले.

किती कळत नाही, ते सांगा

राजगुरुनगरच्या ज्या संस्थेचा मी वर उल्लेख केला, ते म्हणजे कांदा व लसूण संशोधन संचालनालय. १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून नाशिकला सुरू झाले, १९९८ मध्ये इथे आले. भीमा सुपर, भीमा किरण, भीमा शक्ती ही वाणांची नावे तुमच्या तोंडी आहेत, ती तिथली. नाव आपल्याच नदीचे. तिथल्या शास्त्रज्ञाला काही विचारले, तर तोही पुष्कळदा “सांगता येणार नाही” म्हणतो. पण त्याच्या न सांगण्याला हद्द असते. हा वाण रब्बीसाठी तपासला आहे, खरिपासाठी नाही. ही खताची मात्रा अमुक जमिनीत, अमुक हंगामात पाहिली आहे, तुमच्या मुरमाड रानात पाहिलेली नाही. एकच प्रयोग तीन-चार वाफ्यांत पुन्हा पुन्हा लावतात आणि शेजारी जुना वाण ठेवतात, तो याचसाठी, की आपल्याला किती कळले आणि किती नाही ते मोजता यावे.

‘मला काही कळत नाही’ आणि ‘मला हे एवढे कळत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य पोकळ असते. दुसऱ्या वाक्यावर ऐकणाऱ्याला विसंबता येते. त्या बागायतदारांनी एवढेच म्हटले असते, की “मी पंच्याहत्तराव्या दिवशी युरिया टाकतो, पण तो कांदा मी साठवत नाही, तिथे माझा अनुभव नाही”, तर त्यांचा मान कमी झाला नसता आणि पोराचा कांदा वाचला असता. विनयाचे अवघे एक वाक्य, पण नेमके!

म्हणून हल्ली कुणी बैठकीत अडाणीपणाने सुरुवात केली की मी हसून पुढचे विचारतो. किती गुंठे? लावण कधीची? जमीन कशी? पाणी विहिरीचे की कालव्याचे? माल काढून लगेच विकला की साठवला? साठवला तर किती पिशव्या भरल्या आणि किती काढल्या? चार प्रश्न झाले की बोलणारा खरा जाणता असेल तर रंगून सांगू लागतो, आणि ऐकीव माहितीवर बोलत असेल तर हळूच खाली बसतो. दोन्हीत बैठकीचे भलेच होते. तुम्हीही विचारून बघा. यात अपमान काहीच नाही. गुरे घेताना दात मोजतोच ना आपण?

हाच रोग दुसऱ्या अंगानेही येतो. “तुम्ही साहेब शिकलेले, आमचं आपलं अडाण्याचं काम!” हे वाक्य ऐकायला नम्र, पण त्यात टोमणा असतो. तुमचे पुस्तक तुमच्याजवळ ठेवा, असा त्याचा अर्थ. मला त्याचा राग येत नाही, कारण कधी कधी तो टोमणा रास्त असतो. पण मग सरळच सांगावे, “साहेब, तुमची ही शिफारस माझ्या रानात चालली नाही.” ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे? शिफारस कुठे चालली नाही हे कळले, तर आम्हाला ते वर कळवता येते. टोमणा कुठे कळवणार?

आणि व्यासपीठावरच्या मंडळींचे तर विचारूच नका. दोन तास उशिरा यायचे, लोकांना उन्हात ताटकळत ठेवायचे, शाल-नारळ घ्यायचा आणि माइक हातात आला की म्हणायचे, “मी तुमचा सेवक.” आम्ही सरकारी माणसेही त्याला अपवाद नाही. पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो, पण पत्राचे उत्तर वेळेवर गेले की नाही, ते कोण बघतो?

“आम्हा बायांना काय कळतंय?”

एका ठिकाणी मात्र हे वाक्य ऐकले की मला हसू येत नाही. ग्रामसभेच्या नियमित बैठकीआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायद्यातच आहे. ती होते तिथे, किंवा बचत गटाच्या बैठकीत, आम्ही काही विचारले की पहिले उत्तर येते, “आम्हा बायांना काय कळतंय?” बागायतदारांचे वाक्य आणि हे वाक्य शब्दाला शब्द सारखे दिसते, पण दोन्ही एक नव्हेत. तो बोलण्यापूर्वी म्हणतो, आणि मग पाऊण तास बोलतो. ती म्हणते, आणि गप्प बसते. तिने ते स्वतःहून धरलेले नाही. लहानपणापासून ऐकून ऐकून ते तिच्या अंगवळणी पडले आहे. अशा वेळी “असं म्हणू नका ताई, तुम्हाला सगळं कळतं” अशी वरवरची स्तुती करून भागत नाही. तोही एक शहाजोगपणाच. तिला तिच्या कामातले नेमके काही विचारावे लागते.

कांद्याचे रोप लावते कोण? खुरपते कोण? बराखी फोडून गोल्टी, बदला, चांगला माल वेगळा करते कोण? आपल्याकडे हे बहुतेक बायांच्याच हातचे काम. गेल्या पावसाळ्यात एका गावी बराखीच्या नुकसानीवर बोलणे चालले होते. पुरुष मंडळी हवामानाला आणि बियाण्याला दोष देत होती. मागे साठीच्या एक आजी बसल्या होत्या. दर वर्षी चार घरच्या बराखी निवडायला जाणाऱ्या. त्यांना विचारले, तर तेच उत्तर, “मला म्हातारीला काय कळतंय?” मी म्हटले, “आजी, बराखीत हात घातला की सडका कांदा आधी कुठला लागतो, तेवढंच सांगा.”

आजी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “जाड मानेचा आधी जातो. मग जोडकांदा. मग खुरप्याचा घाव लागलेला. आणि पावसाची झड येती त्या अंगाचा, तळातला. ते अंग झाकलं नाही तर चांगला कांदाबी जातो. मधला शेवटपर्यंत टिकतो, पण थर उंच केला तर मधलाबी दमतो.”

मंडळी गप्प झाली होती. पुढच्या रांगेतून एकाने विचारले, “थर किती उंच ठेवायचा, आजी?”

आजी उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि हात छातीपाशी आडवा धरला. “एवढा. याच्या वर नाही.”

मी वहीत लिहून घेतले: चार फूट.